दोनमुठ्यांचा पहिला नमुना

९ नोव्हेंबर

कालच्या भाषणात शिपायाने पंखे बंद केले. मी अजून बोलत होतो. समोर जेमतेम आठ-दहा डोकी उरली होती, त्यातली दोन छातीवर हनुवटी टेकून झोपी गेलेली. शिपायाला वाटलं, संपलं असावं. खटाखट बटणं बंद करत तो व्यासपीठापर्यंत आला आणि मला पाहून दचकला. “चालू द्या, चालू द्या,” म्हणाला, आणि एक पंखा माझ्यापुरता पुन्हा लावून दिला. त्या एका पंख्याखाली उभं राहून मी एका थोर शोधकाचं उरलेलं आयुष्य चार वाक्यांत आटोपलं. घरी आल्यावर ही म्हणाली, आज लवकर आलात. मी म्हटलं, विषय छोटा होता.

याच सभागृहात एके काळी लोक खिडक्यांत बसून मला ऐकत. शोधकांची चरित्रं हा माझा विषय. शाळेत इतिहास शिकवला तो पोटासाठी, हे जिवासाठी. लढाया जिंकणाऱ्यांची नावं ज्याला तोंडपाठ आहेत आणि दिव्याला पहिली काच कोणी बसवली हे ज्याला विचारावंसंही वाटत नाही, तो समाज कृतघ्न आहे. हे मी घसा बसेपर्यंत सांगत आलोय आणि यातला शब्दही मागे घेणार नाही. पण ऐकायला माणसं तर हवीत.

आज सकाळी वाचनालयाचे सचिव आले. मला वाटलं, पंख्यांबद्दल माफी मागायला आले. ते आले होते दोनमुठ्यांच्या सत्काराचं सांगायला. मुख्य भाषण माझं.

दोनमुठे हे त्यांचं आडनाव नव्हे, पण आता खरं आडनाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावरच असेल. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात कागद कापायचं मोठं यंत्र असतं. पूर्वी कामगार एका हाताने गठ्ठा सरकवायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा. लक्ष चुकलं की बोटं गेलीच. या माणसाने त्या यंत्राला दोन टोकांना दोन मुठी बसवल्या. दोन्ही एकदम ओढल्याशिवाय पातं खाली येत नाही, आणि दोन्ही हात मुठींवर असले की पात्याखाली कुठला हात असणार? इतकी साधी गोष्ट. आसपासच्या सगळ्या छापखान्यांनी ती उचलली. माझ्या विषयातला एक जिवंत माणूस माझ्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे राहतो, आणि मी त्याला कधी भेटलो नाही. याची लाज वाटली खरी, पण आनंदापुढे फार टिकली नाही.

हिने विचारलं, किती वेळ बोलणार? मी म्हटलं, लोक बसतील तितका वेळ. ही म्हणाली, “लोक दाराशी चपला शोधत असतात, तेही तुम्हाला बसलेलेच दिसतात.”

१२ नोव्हेंबर

सचिवांनी दिलेल्या अर्ध्या पानात जन्म, नोकरी आणि निवृत्ती. एवढ्या सामग्रीत निधनाची बातमी होते, भाषण होत नाही. शोधकाच्या चरित्राला तीन गोष्टी लागतात: भूक, जगाची टिंगल आणि घरचा विरोध. भूक गृहीत धरता येते. टिंगलही. घरचा विरोध मात्र नेमका लागतो, तिथे प्रसंग लागतो. म्हणून आज त्यांच्या घरी गेलो.

शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. खालच्या मशिनची घरघर जमिनीतून तळपायांना लागते. दोनमुठे खिडकीशी पलंगावर. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, वाचाही. तोंडातून नुसता घोगरा आवाज येतो आणि डावा हात सतत काही ना काही चाचपत असतो. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणतात, बुटक्या आणि तुटक. थंडी नसताना अंगावर शाल. चहा आणला तोही एकेक कप, दोन फेऱ्यांत. घरात ट्रे नसावा किंवा पाहुण्यांचं अप्रूप नसावं.

मी आडवळणाने सुरुवात केली. संसार, ओढाताण, नवऱ्याचं यंत्राचं वेड. त्या हो-नाही करत होत्या. शेवटी सरळ विचारलं, तुम्हाला हे सगळं पटत होतं का?

“पहिला नमुना मीच शेगडीत घातला,” त्या म्हणाल्या. “लाकडाचा होता. छान जळला.”

त्यांनी हे हसत सांगितलं, जणू पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेला विनोद. तेवढ्यात पलंगावरून दोनमुठ्यांनी खाटेच्या कडेवर मूठ आपटायला सुरुवात केली, धप धप. काकू उशी सारखी करायला उठल्या. मला हवं ते मिळालं होतं. अर्धा चहा ठेवून निघालो. जिन्यातच पहिलं वाक्य सुचलं.

२० नोव्हेंबर

सत्कार झाला. खिडक्या भरल्या होत्या. एकही चप्पल हलली नाही.

मी स्वतःला आवरलं नाही, आवरण्याचं कारणही नव्हतं. सुरुवात नेहमीच्या विनोदाने केली: मी घरी वाफेच्या शक्तीवर बोलायला लागलो की ही विचारते, गॅस बंद केलात का? सभागृह मोकळं झालं. मग भूक, मग टिंगल, आणि मग ती शेगडी. संध्याकाळी दमून आलेला कामगार, स्वयंपाकघरात भडकलेली आग, तिच्यात त्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा नमुना, आणि कमरेवर हात ठेवून उभी असलेली बायको. ‘घरात पीठ नाही आणि म्हणे यंत्र!’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं. अशा प्रसंगी बायका हेच म्हणतात. शेवटी म्हणालो, ज्या यंत्राने शेकडो हात वाचवले, ते जिथे जन्मलं त्या घरातला हात मात्र आग लावायला पुढे आला. यावर टाळ्या किती वेळ चालल्या ते लिहीत नाही.

दोनमुठे व्यासपीठावर चाकाच्या खुर्चीत होते. माझ्या भाषणात त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि डाव्या मुठीने ते खुर्चीच्या हातावर ठोके देत होते, टाळ्यांच्याही वर ऐकू येतील असे. माणूस इतका हेलावलेला मी पाहिला नाही. पहिल्या रांगेत काकू मात्र शालीत हात गुंडाळून बसल्या होत्या. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, यांनी एकदाही वाजवली नाही. ही त्यांच्या शेजारीच बसली होती.

घरी येताना ही म्हणाली, त्या बाईंनी टाळी वाजवली नाही. मी म्हटलं, कशी वाजवतील, खरं झोंबलं असेल. ही म्हणाली, तसंच असेल, आणि पुढे चालायला लागली.

झोपताना वाटलं, ‘पीठ नाही’ हे वाक्य जरा जास्त झालं का? पण वाक्य चांगलं आहे.

२४ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात अर्धं पान. मथळा ‘आगीतून उठलेलं यंत्र’. सचिव पेढ्यासारखे गोड झालेत. लेक शाळेत शिकवते. तिला स्नेहसंमेलनात यावर शिक्षकांची नाटिका बसवायची आहे. संवाद मीच लिहून दिले. काकूंची भूमिका चित्रकलेच्या बाई करणार, आडव्या अंगाच्या आणि खणखणीत आवाजाच्या. हातात झाडू द्यायचा ठरलाय.

१ डिसेंबर

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

किराणा दुकानात उभा होतो. काकू आल्या, काडेपेटी मागितली. दुकानदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काकू, काडेपेटी नेताय, पण काकांना विचारलंत का? नाहीतर उरलंसुरलंही पेटवाल.” दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यांच्या आधी मीच हसलो, कारण विनोद माझ्याच भाषणातून निघाला होता आणि तो चालला याचं मला बरं वाटलं.

मग त्यांनी वळून मला पाहिलं. ओळखीच्या माणसाला पाहून हलवावी तशी मान हलवली. डाव्या हाताने सुटे पैसे ठेवले, काडेपेटी शालीत टाकली आणि गेल्या. हसू तोंडावर राहून गेलं, पुसायचं कसं ते कळेना.

घरी येऊन स्वतःला समजावलं की इतिहास कठोर असतो. हे वाक्य मी पूर्वीही वापरलं आहे. आज ते बसलं नाही.

४ डिसेंबर

आज बाहेरच्या खोलीत नाटिकेची तालीम. चित्रकलेच्या बाई दोन्ही हात हवेत नाचवत ‘घरात पीठ नाही’ म्हणत होत्या आणि लेक हसून लोळत होती. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “त्यांना सांग, उजवा हात शालीत ठेवा म्हणावं.”

लेकीने विचारलं, का?

“त्या बाईंना उजव्या हाताला बोटं नाहीत. अंगठा तेवढा आहे. सत्काराच्या दिवशी शाल घसरली होती.”

चित्रकलेच्या बाईंचे हात वरच राहिले. लेकीने विचारलं, कशाने गेली?

“मला काय माहीत?” ही म्हणाली. “बाबांना विचार. ते त्यांना भेटून आलेत.”

तिघी माझ्याकडे बघत होत्या. सगळं आयुष्य लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून घालवलं, पण असं नाही. एकेक कप चहा. न वाजलेली टाळी. ‘त्या घरातला हात.’ हे शब्द मी त्या बाईच्या समोर, पाच पावलांवरून, आवाज चढवून उच्चारले होते.

मी हिला नंतर विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? ही म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. पुढे काही बोलणार होती, पण मी माझी बाजू मांडायला लागलो, मग ती दूध तापवायला गेली.

६ डिसेंबर

गेलो. जिन्यात दोनदा थांबलो. काकूंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या, या म्हणाल्या नाहीत आणि जा असंही नाही.

माफीचं पहिलं वाक्य मी बरंच घोळवून नेलं होतं. ते अर्धं झालं नाही तोच दोनमुठ्यांनी मूठ आपटायला सुरुवात केली. धप धप धप. तोच ठोका, जो मी व्यासपीठावर कौतुकाचा समजलो होतो. मग त्यांनी डाव्या हाताने आधी काकूंच्या शालीकडे बोट केलं, मग स्वतःकडे. पुन्हा शालीकडे, पुन्हा स्वतःकडे. थांबेनात. घाम फुटला त्यांना.

“ऐकू देत त्यांना,” काकू शेवटी नवऱ्याला म्हणाल्या, “पण एकदाच,” आणि माझ्यासमोर बसल्या.

काकू त्याच छापखान्यात कागदाच्या घड्या घालायला होत्या. हे मी विचारलंच नव्हतं. पहिल्या नमुन्यात मुठी नव्हत्याच. पात्यापुढे लाकडाची आडवी पट्टी होती; हात लागला की पट्टी सरकायची, खिट्टी पडायची आणि पातं वरच अडायचं. जेवणाच्या सुट्टीत खातं रिकामं असताना दोनमुठ्यांनी तो जुन्या यंत्राला लावला. पट्टी हाताने सरकते की नाही ते पाहायला हात हवा होता, आणि दांडा ओढायला दुसरं माणूस.

“ते म्हणाले, घाल हात, अडेल. मी घातला. नाही अडलं. खिट्टी चिरली.”

त्या हे सांगताना नवऱ्याकडे बघत नव्हत्या. कुणी यायच्या आत त्यांनी उजव्या हाताला फडकं गुंडाळलं आणि डाव्या हाताने नमुना उपसून बाइंडरच्या, पुस्तकं चिकटवायचा सरस तापवायच्या शेगडीत घातला. माझी स्वयंपाकघरातली आग ती ही. मग ओरडल्या. सगळ्यांना वाटलं, जुन्या यंत्राने घात केला. मालक हादरला आणि म्हणाला, काहीतरी उपाय कराच. त्या ‘काहीतरी’तून दोनमुठ्यांना रीतसर जागा आणि सामान मिळालं. त्यांना हत्यार हातात घ्यायची हिंमत होत नव्हती. काकूंनी घ्यायला लावलं.

“नमुना सापडला असता तर त्यांची नोकरी गेली असती आणि दुसरा झालाच नसता. म्हणून मी आपली शेगडीची गंमत सांगत राहिले. लोक हसतात आणि पुढचं विचारत नाहीत.”

मी म्हटलं, मी हे सगळ्या गावाला सांगतो. माझा आवाज चढलाही असेल.

“हे कुठे बोलायचं नाही,” त्या म्हणाल्या. “बायकोची बोटं तोडणारा, असं म्हणतील त्यांना. या वयात.”

पण लोक तुम्हाला हसतात, मी म्हटलं.

“हसू देत. भाषण चांगलं होतं तुमचं. फक्त त्यात मी नव्हते.”

पलंगावर दोनमुठे जोरजोरात मान हलवत होते, नाही, नाही. त्यांना हे सांगून हवं आहे. त्यांना बोलता येत नाही, आणि ज्याला येतं त्याला ती बाई बोलू देत नाही. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो.

८ डिसेंबर

लेकीला सांगितलं, नाटिका बंद कर. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, छापखान्यात अपघात झाला होता, त्यात बोटं गेली, याहून जास्त विचारू नकोस. तिचे डोळे चमकले. म्हणाली, मग तर सोपं आहे. बायकोची बोटं गेली, त्या दुःखातून नवऱ्याने शोध लावला. झाडू काढून टाकते, शेवटी दोघांना एकमेकांशेजारी बसवते. लोक रडतील. “तुम्हीच आधी उठून सांगा ना बाबा, की मला नवीन माहिती मिळाली. तुमचंही वजन राहील.”

सचिवांना गाठून म्हटलं, मला माझं भाषण मागे घ्यायचं आहे. ते म्हणाले, “साहेब, पहिली गोष्ट आता लोकांची झाली. तुम्ही खोडली तर वाचनालयाच्या स्मरणिकेत तिच्यासाठी राखलेलं पान रिकामं पडेल. पण दुसरी अधिक चांगली असेल तर बघू.”

लाज वाटते सांगायला, पण लेकीची कल्पना मला आवडली. तिच्यात प्रत्येक शब्द जवळजवळ खरा आहे.

११ डिसेंबर

दोन दिवस लिहीत होतो. बारा पानं. नवऱ्याचं प्रेम, बायकोची जखम, त्यातून उगवलेलं यंत्र. माझ्या चुकीची कबुलीही आहे, योग्य जागी. आज हिला वाचून दाखवलं. सभा गंभीर होऊ नये म्हणून आरंभी गॅसचा विनोद ठेवला आहे, तो ऐकून ही म्हणाली, सुरुवात तुमच्यासारखीच आहे. बरं वाटलं. पूर्ण वाचून झाल्यावर मी विचारलं, कसं झालंय?

“टाळ्या कुठे पडणार ते कळतं,” ही म्हणाली.

कागदांकडे पाहिलं. समासात मी खरोखरच खुणा केल्या होत्या, कुठे थांबायचं त्याच्या. माफी मागायची आणि मध्ये टाळ्यांसाठी जागा सोडायची. शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर वर्गाबाहेर काढला असता. खुणा खोडल्या. पानं मात्र ठेवली. ती चांगली झाली आहेत.

१२ डिसेंबर

पानं घेऊन काकूंकडे गेलो. त्यांच्या परवानगीशिवाय बोलणार नाही, एवढी तरी अक्कल आली होती. मी वाचलं. काकू लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्ये एकदा नाक पुसलं.

“हे बरं आहे,” त्या म्हणाल्या. “हे बोला. ह्यांचं नाव राहील, माझ्यावर कुणी हसणार नाही आणि तुमचंही भाषण होईल.”

मी दोनमुठ्यांकडे वळलो. त्यांनी हात पुढे केला, मला वाटलं आशीर्वादासाठी. त्यांनी माझ्या हातातली पानं ओढली आणि डाव्या हाताने, दातांत धरून, फाडायला लागले. एकेक पान. नीट फाटेना तेव्हा लाळेने भिजलेला बोळा करून माझ्या अंगावर टाकला. काकू ओरडल्या, अहो, अहो, पण ते थांबले नाहीत. ज्याने तिला हात पात्याखाली घालायला लावला, त्याला मी त्या पानांत बायकोवेडा देव करून ठेवला होता. तो हे कसं ऐकून घेईल?

रस्त्याने येताना हिशेब मांडला. खरं बोलायचं नाही, ही तिची अट. गोड खोटं बोलायचं नाही, ही त्याची. उरलं काय? उरलो मी, आणि माझं खोटं.

१५ डिसेंबर

शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. नाटिका तशीच होती, पहिलीच, झाडूसकट. लेकीने मला आठवडाभर विचारलं होतं, नवीन लिहून देणार की नाही. मी देतो देतो म्हणत टाळलं होतं. नाटिकेआधी प्रास्ताविकाला मला बोलावलं.

मी म्हणालो, “सत्काराच्या दिवशी दोनमुठे काकूंबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. ते मी रचलं होतं. खरं काय ते सांगायचा मला अधिकार नाही.”

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, आता तोफ उडणार. माझी भाषणं अशीच सुरू होतात: आधी धक्का द्यायचा, मग उलगडायचं. ती युक्ती मीच त्यांना शिकवली. मी तीच वाक्यं पुन्हा म्हणालो. आणखी हसले, टाळ्याही पडल्या. मग मी गप्प उभा राहिलो. माझ्या गप्प राहण्याची कुणाला सवय नाही. लोक वाट बघत होते आणि मला दिसत होतं की ते कंटाळत नाहीत, उत्सुक होत आहेत. शेवटी मी खाली उतरून बसलो तेव्हा कुजबुज सुरू झाली. माझ्या मागच्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला म्हणाला, “म्हातारीने दम भरलेला दिसतो. ह्याच्याकडून भाषणही जाळून घेतलं.”

म्हणजे मी तिच्यावरचा डाग पुसायला गेलो आणि दुसरा लावून आलो.

पडदा बराच वेळ उघडला नाही. मग लेक बाहेर आली आणि म्हणाली, चित्रकलेच्या बाईंना बरं नसल्यामुळे नाटिका होणार नाही. त्या बाई पडद्याच्या फटीतून झाडू घेऊन बघत होत्या, हे पुढच्या रांगेला दिसत होतं. मुख्याध्यापक लेकीवर सर्वांसमोर चिडले. तिने ऐकून घेतलं.

घरी येताना म्हणाली, कारण सांगू नका, मला नको आहे. थोडं चालल्यावर म्हणाली, “तुम्ही त्यांना एकदाच भेटला होतात, तेही अर्धा चहा होईपर्यंत, हे मला आधी सांगायला हवं होतं. आईने सांगितलं.” ही पलीकडून चालत होती.

१७ डिसेंबर

काकूंना सगळं आधीच कळलं होतं. किराणावाल्याकडे नवा विनोद आला आहे: काकू, वक्त्यांनाही सरळ केलंत म्हणे.

त्या चिडल्या होत्या, आणि चिडल्यावर त्यांचा तुटकपणा जाऊन सरळ झोडपणं सुरू होतं. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला? तोंड दिलंय म्हणून दर वेळी उघडायलाच पाहिजे का? मी निभावत होते ना? एवढी वर्षं निभावलं, त्यात तुमची मदत नव्हती.” मी ऐकत राहिलो. त्यातलं एकही वाक्य खोडण्यासारखं नव्हतं.

दमल्यावर त्या म्हणाल्या, “आता ह्यांना सांगा काय बोललात ते. कालपासून खाणाखुणा करून विचारताहेत. मी सांगितलेलं पटत नाही.”

मी पलंगाशी गेलो आणि तीच वाक्यं म्हटली. मी बोललो ते खोटं होतं. मी रचलं होतं. खरं काय ते सांगायचा मला अधिकार नाही. इथे कुणी हसलं नाही. खालचं मशिन चालू होतं.

दोनमुठ्यांनी माझी बाही धरली आणि मला खाली ओढलं. त्यांचं तोंड माझ्या कानाशी आलं. ओठ हलायला लागले. आवाज येई, अडे, पुन्हा येई. कपाळावरची शीर फुगली. समोरच्याचं वाक्य मी नेहमी त्याच्या आधी पुरं करतो, तशी माझी खोडच आहे. आज गप्प राहिलो. किती वेळ गेला माहीत नाही.

“मी,” ते म्हणाले.

स्पष्ट. मग बाही न सोडता त्यांनी हनुवटीने काकूंच्या शालीकडे दाखवलं आणि पुन्हा म्हणाले, “मी.”

काकू खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. “ऐकलं,” त्या म्हणाल्या. “मी काय पहिल्यांदा ऐकते आहे? पडा आता.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. हे इथवर खरं आहे आणि इथे थांबलो तर मी बरा माणूस ठरेन. पण त्याच क्षणी, त्या म्हाताऱ्याचा श्वास कानावर असताना, माझ्या डोक्यात आलं: आयुष्यभर मुका राहिलेला शोधक, आणि शेवटी त्याचा एकच शब्द. काय शेवट आहे. कुठे थांबायचं, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं आपोआप मांडलं जायला लागलं. मी ते थांबवायचा प्रयत्न केला. थांबेना. खिडक्या भरलेल्या दिसायला लागल्या.

मान वर केली तर काकू माझ्याकडे बघत होत्या.

“वक्तेसाहेब,” त्या म्हणाल्या, “जुळणी सुरू झाली ना मनात?”

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला बसलेल्या माणसाचा चेहरा त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला असणार. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

हो, म्हणालो.

दोनमुठ्यांनी अजून माझी बाही सोडली नव्हती.